सात आणि बारा: मराठवाड्यातील शेतकरी स्त्री व हवामान-अनुकूल शेती

मराठवाड्यात पावसाने मध्येच तीन-चार आठवड्यांचा खंड पाडावा आणि पीक काढणीस आले असता अतिवृष्टी व्हावी, हा अलीकडच्या काळाचा अनुभव होय. त्यावर हवामान-अनुकूल शेतीचा उपाय सुचविला जातो. ठिबक सिंचन, शेततळे, रुंद वरंबा-सरीवरील पेरणी, मिश्र पीक आणि सेंद्रिय खत ही तिची मुख्य अंगे. यांतील काही स्त्रियांना मुळीच नवीन नाहीत. ज्वारीच्या ओळींत कडधान्य घेणे, बियाणे राखेत घोळून कणगीत जपणे ही कामे परंपरेने त्यांचीच होत. असे असता त्या या शेतीपासून दूर का राहतात? अज्ञान आणि रूढी हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. अडथळ्याचा इतिहास शेतापेक्षा महसुली दप्तरात अधिक स्पष्ट दिसतो.

‘शेतकरी’पासून ‘शेतकरीण’ हे रूप सहज सिद्ध होते. दप्तरात मात्र त्याला स्थान नाही. तेथे भोगवटादार असतो, खातेदार असतो. गाव नमुना सात हा अधिकाराची नोंद करतो, गाव नमुना बारा पिकांची. व्यवहारात दोन्ही मिळून ‘सातबारा’ असा एकच शब्द रूढ झाला असला, तरी स्त्रीच्या बाबतीत हे दोन आकडे वेगळेच राहिले. बारामध्ये नोंदलेले पीक बव्हंशी तिच्या श्रमाने उभे राहते. सातामध्ये तिचे नाव बहुधा नसते. क्वचित असले तर ‘इतर हक्क’ या रकान्यात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील वहिती खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या.

कायदा याला पूर्णतः प्रतिकूल होता असे म्हणता येणार नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला पित्याच्या मिळकतीत वारसा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली तिला जन्मतः सहदायाद मानले, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. २००५ ची केंद्रीय दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय यांनी उरलेली वाट मोकळी केली. तथापि वारसनोंदीच्या वेळी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि चोळीबांगडीवर समाधान मानावे, हा रिवाज कायद्यापेक्षा चिवट ठरला. माहेर तुटण्याचे भय तिच्या दृष्टीने खरेच असते. त्याला भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. सासरी जमीन सासऱ्याच्या वा पतीच्या नावे. म्हणजे दोन्ही घरी ती कसणारी, आणि दोन्ही घरी नोंदीबाहेर.

हा प्रश्न शेतकरी चळवळीने ओळखला होता. १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले; पुढे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. पतीने स्वेच्छेने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, असे त्याचे स्वरूप होते. मात्र स्वेच्छेवर उभा असलेला हक्क स्वेच्छेपुरताच पसरतो.

धाराशिव व लातूर या जिल्ह्यांत वेगळी वाट निघाली. १९९३ च्या भूकंपानंतर तेथे पुनर्वसनात उतरलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे एक एकराची शेती पुढे आणली. स्त्रीने कुटुंबाकडून अर्धा-एक एकर मागून घ्यावा आणि त्यात कमी पाण्यावर भाजी, कडधान्य, तृणधान्य लावावे. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे इक्वेटर पारितोषिक मिळाले. घरातील धान्याचा निर्णय स्त्रीच्या हाती आला, हे यश लहान नव्हे.

परंतु हा एकर तोंडी शब्दावर मिळालेला असतो. सेंद्रिय खताने जमिनीचा कस सुधारण्यास काही वर्षे जावी लागतात, आणि कस वाढलेला तुकडा परत मागितला गेल्यास तिच्याजवळ दाखवावयास कागद नसतो. ठिबकच्या अनुदानाच्या अर्जासोबत सातबारा आणि आठ-अ जोडावे लागत. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अर्जदाराच्या नावे किमान ०.६० हेक्टर जमीन असण्याची अट होती. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, आणि तोही तिच्या नावावर नसलेला.