दिल्लीचं पाणी आणि भिंतीतला पाइप

दिल्लीत किंवा नोएडात चाळीस वर्षं जुन्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराची भिंत फोडली, की आतून निघालेला पाइप एकदा हातात घेऊन बघा. बाहेरून चांगला जाडजूड, आत मात्र पेन्सिल जाईल एवढंच भोक. बाकी सगळा गंज आणि क्षार. दिल्ली विकास प्राधिकरण 1957 साली स्थापन झालं, नोएडा 1976 साली. त्या काळात घर म्हणजे जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, हे ठरलेलंच होतं. आटे पाडताना सांध्यावरचं जस्त निघून जातं, म्हणून गंज आधी सांध्यात धरतो. त्यात बोअरचं जड पाणी, आणि दिवसातून दोनच वेळा येणारा पुरवठा. पाइपात कधी पाणी, कधी हवा. लोखंडाला याहून वाईट काही नाही.

तांबूस पाणी आलं की आपण घाबरतो आणि पाइप बदलायला काढतो. बदलावेत हे खरंच. पण गंज निदान डोळ्यांना दिसतो. दिल्लीला खरा फटका बसला तो न दिसणाऱ्या गोष्टीचा.

1955 च्या पुरानंतर यमुनेने पात्र बदललं. नजफगड नाला वझिराबादजवळ नदीला मिळतो. त्याचं सांडपाणी उलटं सरकून शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर, आमांश वाढले नाहीत. पण डिसेंबर 1955 ते जानेवारी 1956 या काळात शहरात काविळीचे सुमारे 29,300 रुग्ण झाले. गरोदर बायकांना हा आजार फार जड गेला. साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने 1980 साली पुन्हा तपासले, तेव्हा ही ओळखीची ‘अ’ कावीळ नव्हती हे कळलं. आज आपण त्या आजाराला हिपॅटायटिस ई म्हणतो. कोल्हापूरकरांना 1981 ची पाण्यातून पसरलेली काविळीची साथ आठवत असेल. हे दुखणं फक्त दिल्लीचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वझिराबादचा आणि माझ्या न्हाणीघराचा संबंध काय? तेच गल्लीत लहान प्रमाणावर रोज घडू शकतं. पुरवठा थांबला की लाइन रिकामी होते. त्यात शेजारच्याने थेट लाइनवर मोटर लावली, की पाइपात ओढ तयार होते. तुमचा गंजलेला पाइप गटाराच्या कडेने जात असेल, तर त्याच्या सांध्यातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पाणी दिसायला स्वच्छच असतं.

म्हणून माझं मत असं, की पैसे कमी असतील तर न्हाणीघराच्या टाइल्स आधी फोडू नका. रस्त्यावरच्या लाइनपासून तुमच्या टाकीपर्यंतचा तुकडा आधी बदला. खोदकामाला परवानगी लागते, कटकट होते, आणि काम झाल्यावर पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीच नसतं! तरी आधी तेच करा. गटारापासून लांब आणि त्याच्या वरच्या पातळीवरून, सांधे कमीत कमी असलेला पॉलिइथिलीनचा अखंड पाइप घ्या. जमिनीत पुरलेलं लोखंड बाहेरूनही गंजतं.

मग घरातले पाइप. गीझरच्या लाइनला साधा यूपीव्हीसी चालत नाही, तिथे सीपीव्हीसी किंवा पीपीआर हवा. गच्चीवर दिल्लीच्या उन्हात सीपीव्हीसी उघडा ठेवला तर काही वर्षांत ठिसूळ होतो, त्यावर आवरण घाला. सीपीव्हीसीवर आयएस 15778, यूपीव्हीसीवर आयएस 4985 छापलेलं बघून घ्या. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून आला. रोमन लोक शिशाचे पाइप वापरत. आपल्याकडे हेच शिसं पीव्हीसी पाइपात स्टॅबिलायझर म्हणून शिरलं, आणि ते बंद करण्याचे नियम केंद्र सरकारने केले 2021 साली! त्यामुळे बिनछापाचा स्वस्त पाइप किंवा गोदामातला जुना माल पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नका. शिशालाही रंग नाही, वास नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्लंबर सहसा सांगत नाही. काही जुन्या घरांत विजेचं अर्थिंग लोखंडी पाइपालाच जोडलेलं असतं. तिथे प्लास्टिक आलं की अर्थिंग गेलं, आणि गीझर तर त्याच भिंतीवर. काम सुरू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जुनी लाइन बंद करताना घराच्या बाजूला नुसतं बूच मारून सोडू नका. ती रस्त्यावरच्या लाइनपासूनच तोडून घ्या. नाहीतर तो गंजका तुकडा गटाराशेजारी तसाच पडून राहतो, आणि तुमच्याच गल्लीच्या पाण्याला जोडलेला असतो.