भटके श्वान आणि लहान प्राणी-कल्याण संस्था : मदतीच्या मर्यादा नेमक्या कोणत्या?

रस्त्यावर जखमी होऊन पडलेले कुत्रे दिसले किंवा वस्तीत कुत्र्यांची संख्या वाढली, तर नागरिकांचा पहिला दूरध्वनी बहुधा एखाद्या स्वयंसेवी संस्थेला जातो. मोजके स्वयंसेवक, भाड्याची जागा, एखादे वाहन आणि ठरावीक वेळी येणारा पशुवैद्य, एवढ्याच बळावर अशा अनेक संस्था चालतात. एकेका प्राण्याचे प्राण वाचवणे त्यांना शक्य असते. मात्र संपूर्ण शहरातील श्वानांची संख्या आटोक्यात आणणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि कायद्यानेही ती जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली नाही. या दोन कामांची गल्लत झाली की श्वानांचे हाल थांबत नाहीत आणि माणसांच्या जिवाचा धोकाही टळत नाही.

प्रश्नाची व्याप्ती

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. २०१२ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ७१ लाख होती. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात सुमारे २० लाख, ओडिशात १७ लाख, तर महाराष्ट्रात जवळपास १२ लाख ७६ हजार भटक्या कुत्र्यांची नोंद झाली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदवल्या गेल्या आणि रेबीजमुळे झालेल्या संशयित मृत्यूंची संख्या ५४ होती. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे हा प्रश्न प्राणिप्रेमाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० अंतर्गत केंद्राने २००१ मध्ये श्वानांच्या जन्म नियंत्रणाचे नियम केले. त्यांची जागा १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ने घेतली. या नियमांनुसार भटक्या श्वानांचे निर्बीजीकरण आणि रेबीजप्रतिबंधक लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. महापालिका वा नगर परिषद हे काम स्वयंसेवी संस्थेकडून करून घेऊ शकते. मात्र त्या संस्थेला भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असावी लागते. त्यासाठी शस्त्रक्रियागृह, पिंजरे, प्रशिक्षित कर्मचारी, वाहन व नोंदवह्या आवश्यक असतात. हा खर्च पेलत नसल्याने लहान संस्था बहुधा बचाव व प्रथमोपचारापुरत्याच मर्यादित राहतात.

शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर श्वानाच्या कानावर खूण करून त्याला पकडलेल्या ठिकाणीच परत सोडावे, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘आमच्या गल्लीतील कुत्री उचलून दुसरीकडे न्या’ ही नागरिकांची मागणी त्यामुळेच संस्थेला पूर्ण करता येत नाही. नकार मिळाल्यावर रोष मात्र संस्थेलाच सोसावा लागतो.

न्यायालयीन आदेशांचा परिणाम

सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्यीय खंडपीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीजबाधित, रेबीजसंशयित व आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. ७ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस व रेल्वे स्थानके अशा परिसरांतील कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे निर्देश दिले.

निवाऱ्यात कायमस्वरूपी ठेवलेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी अन्न, औषधे, स्वच्छता आणि देखभालीची तरतूद त्याच्या हयातभर करावी लागते. पन्नास कुत्र्यांची क्षमता असलेला निवारा एकदा भरला की नव्या जखमी प्राण्यासाठी जागा उरत नाही. पिल्लांना घरे मिळतात, पण प्रौढ, अपंग वा वृद्ध कुत्र्यांना दत्तक घेणारे विरळाच.

पिंजऱ्यांचे गणित

निर्बीजीकरणाचा वेग किती शस्त्रक्रिया करता येतात, यापेक्षा किती पिंजरे उपलब्ध आहेत यावर ठरतो. उदाहरणादाखल, संस्थेकडे ३० पिंजरे असतील आणि जखम भरेपर्यंत प्रत्येक कुत्रे सरासरी पाच दिवस ठेवावे लागत असेल, तर दिवसाला सहाच कुत्री घेता येतील. वर्षातील ३०० दिवस काम चालले तरी संख्या १,८०० वर थांबते. शहरात २० हजार कुत्री असतील, तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास जवळपास आठ वर्षे लागतील. दरम्यान निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांना वर्षातून दोनदाही पिल्ले होऊ शकतात आणि आधी शस्त्रक्रिया झालेली अनेक कुत्री मरण पावलेली असतात.

उपचारातील अडचणी

अपघातात मणका मोडलेल्या कुत्र्याला आयुष्यभर सांभाळावे लागते. डिस्टेंपर किंवा पार्व्हो झालेल्या प्राण्याला वेगळे ठेवले नाही, तर संसर्ग संपूर्ण निवाऱ्यात पसरतो. भटक्या कुत्र्यांत आढळणाऱ्या जननेंद्रियांच्या संसर्गजन्य गाठींवर दर आठवड्याला इंजेक्शन द्यावे लागते. म्हणजेच तेच कुत्रे दर आठवड्याला पुन्हा पकडावे लागते. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने स्वतः आधीच रेबीजप्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारखी एकोणिसाव्या शतकापासूनची व्यवस्था आहे. बहुतेक लहान शहरांत तसे काहीच नाही.

निधीची कोंडी

कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याणाचा समावेश असल्याने कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी या कामासाठी वापरता येतो. परंतु हा निधी घेणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. परदेशी देणगीसाठी वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते व प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. नव्या, लहान संस्थेची भिस्त त्यामुळे स्थानिक देणग्यांवर आणि अनेकदा संस्थापकांच्या स्वतःच्या खिशावर राहते. एखाद्या जखमी कुत्र्याच्या छायाचित्रामुळे मदत मिळते; वीजबिल, भाडे आणि पगार यांसाठी ती सहसा येत नाही.

यश कोठे मिळाले?

जयपूरमध्ये ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात २४,९८६ श्वानांचे निर्बीजीकरण व लसीकरण केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कार्यक्रमाच्या क्षेत्रातील ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण झाले, श्वानसंख्या २८ टक्क्यांनी घटली आणि तेथील मानवी रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. गोव्यात राज्य शासन व ‘मिशन रेबीज’ यांच्या संयुक्त मोहिमेत दरवर्षी मोठ्या प्रमाणावर श्वानांचे लसीकरण, देखरेख आणि शाळांतून जनजागृती करण्यात आली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले.

दोन्ही ठिकाणी क्षेत्र निश्चित होते आणि काम वर्षानुवर्षे अखंड चालले. गोव्यात त्याला शासनाच्या निधीची व यंत्रणेची जोड होती. जेथे ही जोड नाही, तेथे लहान संस्थेचे काम विखुरलेले राहते.

नागरिकांनी काय करावे?

पाळीव प्राणी सोडून देणे १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच आहे. सोडून दिलेली ही कुत्रीही अखेर याच संस्थांच्या दारी येतात. परिसरातील कुत्र्यांच्या कानावर खूण नसेल, तर निर्बीजीकरणासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे लेखी मागणी करावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. जखमी प्राण्यासाठी संस्थेला बोलावताना शक्य असल्यास घटनास्थळी थांबावे व उपचारखर्चात वाटा उचलावा. पोहोचेपर्यंत प्राणी निघून गेलेला असल्यास संस्थेचा वेळ व इंधन वाया जाते आणि दुसऱ्या जखमी प्राण्यापर्यंत पोहोचण्यास उशीर होतो.