राजाबाई मनोरा आणि सुप्याची खते

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावरील राजाबाई मनोरा आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेच्या दिवसांत केवळ घड्याळासाठी पाहिला असेल. त्यामागच्या पैशाचा एक धागा मात्र लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत आणि अमेरिकेतील यादवीपर्यंत जातो.

१८६१ साली ती यादवी पेटली आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. ब्रिटनला लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तोवर तेथूनच येई. तो अडताच गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, धारवाडकडील कापसाचे भाव चढले आणि मुंबईत चांदीचा ओघ लागला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे, म्हणजे ऐन या भरतीतले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी देणगी देऊ केली १८६४मध्ये. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले, आणि शेअरच्या सट्ट्यात बुडालेल्यांत खुद्द प्रेमचंदही होते.

ही कहाणी आपल्याकडे रंगवून सांगितली जाते. घाटावरची तितकीशी नाही. तेजीत मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरांतील सावकारांना आगाऊ रकमा दिल्या, त्यांनी त्या गावच्या वाण्याला आणि वाण्याने कुणब्याला. खतावर नांगराची निशाणी केली की पैसा हाती येई. लिव्हरपूलची मागणी आटली तेव्हा हीच साखळी उलटी ओढली गेली. त्यातच १८६७पासून इंदापूर, भीमथडी भागांत फेरआकारणी झाली आणि शेतसारा निम्म्याने, कुठे त्याहूनही अधिक वाढला. भाव उतरत असताना सारा मात्र तेजीच्या हिशेबाने!

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. सुपे काही कापसाचे आगर नव्हे, आणि म्हणून कापूस व दंगा यांचा सरळ कार्यकारणसंबंध लावण्यास अनेक इतिहासकार कचरतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे; पण पत आखडते तेव्हा ती केवळ कापूस पिकवणाऱ्याचीच आखडत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असा तपशील वेगळाच आहे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने खते दिली, तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. दिली नाहीत तरच मारहाणीची वा घर पेटवण्याची भाषा होई. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना त्या अक्षराची सत्ता नेमकी कळली होती. अविद्येने केलेल्या अनर्थांचा पाढा वाचणारा जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा आहे. तो या दंग्याशेजारी ठेवून वाचला, तर अविद्या हा शब्द निव्वळ शाळेपुरता उरत नाही.

दंग्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. मनोराही त्याच वर्षी पूर्ण झाला. १८७९च्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली, आणि खतात काय लिहिले आहे याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली.