परीक्षानळीपासून बोटाच्या टोकापर्यंत

मधुमेह हे नाव आपल्या प्राचीन वैद्यांचे. लघवीला मुंग्या लागतात ही खूण त्यांना ठाऊक होती. पण लहान वयात हा रोग जडला की पोर हातचे जाई. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले, तेव्हा कोठे आशा उत्पन्न झाली.

पण टोचायचे किती? त्यासाठी घरोघर बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण, लघवीचे आठ थेंब, वर उकळी. निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, विटकरी झाले तर चढत्या क्रमाने अधिक. गोम अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावाचून लघवीत उतरत नाही. ती ५० वर घसरून पोर घामाघूम झाले, तरी नळी आपली निळीच!

१९७० साली रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र निघाले. वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टाइन या इंजिनिअरला बाराव्या वर्षापासून मधुमेह. त्यांची पत्नी डॉक्टर, म्हणून यंत्र घरात आले. त्यांनी स्वतःची साखर दिवसातून अनेकदा मोजून आहार आणि इन्सुलिन बसवले. डॉक्टर नसल्यामुळे त्यांचे लेख परत आले. पुढे ते स्वतःच डॉक्टर झाले. १९९३ साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने निर्वाळा दिला. त्यात १३ ते ३९ वयाचे १४४१ रुग्ण होते. दिवसातून चारदा तरी साखर तपासून इन्सुलिन घेणाऱ्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा पुष्कळ वाचल्या. मात्र साखर फार उतरण्याचे प्रसंगही त्यांच्यात सुमारे तिपटीने वाढले.

आपल्या मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ साली स्थापन झाली, ती नळीच्याच काळात. आज मुलुंडहून कॉलेजला निघालेला मुलगा गर्दीच्या गाडीत शिरण्यापूर्वी फलाटावरच बोट टोचतो आणि काही सेकंदांत आकडा पाहतो. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे, आणि मगच गाडी. हा निर्णय आता त्याचा आहे.

पट्ट्यांचा खर्च अजून पुष्कळ घरांना जड जातो. त्यातून आईबापांनी आकड्याला परीक्षेतले गुण समजून रागे भरले, तर पोर वहीत खोटा आकडा लिहिते. मग एवढ्या खटपटीने घरात आलेले यंत्र असून नसून सारखेच. तेव्हा २५० दिसले तर ‘काय खाल्लेस?’ असे दरडावू नका. ‘आता काय करू या?’ असे विचारा.