तारेच्या टोकाला बसलेला माणूस

श्रोतेहो, दारात तारवाला उभा राहिला की घरातल्या बायाबापड्यांच्या काळजात धस्स व्हायचे, हे आपल्यापैकी वयस्क मंडळींना चांगले आठवत असेल. खेडेगावात तार यायची ती बहुधा मयताची. मजकूर इंग्रजीत असायचा. तो वाचायला शाळेतल्या मास्तरांना बोलावणे जायचे, आणि मास्तरांनी तोंड उघडण्याच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून मंडळी काय ते समजून घेत. ती तार आता राहिली नाही. २०१३ सालच्या जुलै महिन्यात सरकारने ही सेवा बंद केली.

तारेचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण खांब, तारा आणि यंत्रे यांचा इतिहास सांगतो. पण तारेच्या या टोकाला कोणी तरी बसलेले असते आणि त्या टोकाला कोणी तरी. तारमास्तर, टेलिफोनवरची ऑपरेटर, आणि अलीकडच्या काळात पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरात रात्र जागवणारी आपल्याच गावची मुले ही सगळी एका वंशातली माणसे आहेत, असे मला वाटते. कायद्याने तारेची काळजी किती घेतली आणि या माणसांची किती घेतली, हे आज थोडे पाहू.

आपल्याकडे तार आणली ती ओ'शॉनेसी नावाच्या गृहस्थाने. हा पेशाने डॉक्टर, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही त्याची छोटी तार कंपनी सरकारच्या कामी आली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आग्रा, मुंबई, मद्रास अशी शहरे तारेने जोडली गेली. राज्य चालवायला तार किती उपयोगी आहे हे इंग्रजांना १८५७ साली पुरते कळले. मग १८८५ साली भारतीय तार कायदा झाला. त्याचे चौथे कलम मोठे जबरदस्त होते. तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार एकट्या सरकारचा; दुसऱ्या कोणाला ते काम करायचे असेल तर सरकारचा परवाना हवा. पुढे टेलिफोन आला, बिनतारी संदेश आला, मोबाईल आला. सगळे याच कलमाच्या छत्राखाली आले. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला आणि २०२४ च्या जूनपासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली, तोवर हे जुने छत्र उभेच होते.

आता गंमत पाहा. या एवढ्या कायद्यात तारखात्यातल्या नोकराविषयी काय होते? अठ्ठाविसावे कलम होते. तारमास्तर दारू प्यायला, त्याने हयगय केली, किंवा संदेश पाठवताना अथवा पोचवताना वाटेत रेंगाळला, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! संदेश फोडला, बदलला, तर शिक्षा त्याहून कडक. तार कापणाऱ्याला शिक्षा, यंत्राशी खेळणाऱ्याला शिक्षा. मास्तराने सलग किती तास कानाने कट्ट-कड ऐकत बसावे, लागोपाठ किती रात्री जागाव्यात, याविषयी अक्षर नव्हते. ते खात्याच्या मर्जीवर होते.

या मर्जीचा स्फोट १९०८ सालच्या एप्रिलमध्ये झाला. खात्याने कामाच्या पाळ्यांची नवी पद्धत आणली होती. पगाराच्या आणि बढतीच्या जुन्या तक्रारी होत्याच. कलकत्ता, रंगून, मुंबई अशा मोठ्या तार कचेऱ्यांतल्या सिग्नलर मंडळींनी हात आखडले. विशेष म्हणजे संपाचा निरोप गावोगाव पोचवायला त्यांना वेगळे साधन शोधावे लागले नाही. सरकारची तारच त्यांच्या बोटांखाली होती. कापूस आणि ज्यूटचे भाव ज्यांना रोज तारेने हवे असत, त्या व्यापाऱ्यांची तारांबळ उडाली. (शिक्षक मित्रांसाठी सांगतो, या शब्दाचा तारायंत्राशी संबंध नाही, मंगलाष्टकांतल्या 'ताराबलं'शी त्याचे नाते सांगतात.) त्याच वर्षी जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. तो संप आपल्या तोंडी आहे. तीन महिने आधीचा तारवाल्यांचा संप मात्र आपण विसरलो. त्यातले पुष्कळसे लोक अँग्लो-इंडियन होते, म्हणून तो आपला वाटला नसावा.

टेलिफोनची कथा थोडी निराळी. १८८२ सालच्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली, ती खाजगी कंपनीने, सरकारी परवान्यावर. १९४३ साली युद्ध ऐन भरात असताना सरकारने या कंपन्या ताब्यात घेतल्या. म्हणजे खाजगीकडून सरकारकडे आणि पुन्हा सरकारकडून खाजगीकडे हा झोका आपण आज पहिल्यांदा पाहतो आहोत असे नाही. स्वातंत्र्यानंतर टपाल व तार खात्यात लाखो माणसे होती आणि त्यांच्या संघटना भक्कम होत्या. १९६० च्या जुलैत केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवस संप केला, त्यात ही मंडळी पुढे होती. सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढून तो संप बेकायदा ठरवला. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरात कानपूर ते लखनौ असा थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय देशात प्रथम सुरू झाली. मध्ये बसून "जोडते हं, बोला" म्हणणाऱ्या ऑपरेटर बाईंची गरज तिथून कमी कमी होत गेली.

यापुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो आपल्या डोळ्यांदेखत झाला. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने खेड्यातल्या धुळीत, उकाड्यात टिकेल असे देशी एक्स्चेंज बनवले. एसटी स्टँडाजवळ पिवळ्या पाटीचे पीसीओ उभे राहिले. १९९४ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले, १९९५ मध्ये मोबाईल आला, आणि १९९७ साली कंपन्या, सरकार व ग्राहक यांच्यामध्ये पंच म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे 'ट्राय' स्थापन झाले. दरसुद्धा तेच ठरवू लागले. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची सेवा बीएसएनएल या सरकारी कंपनीकडे गेली. त्याआधी सप्टेंबरात कर्मचाऱ्यांनी तीन दिवस संप केला आणि खात्यातून कंपनीत जाणाऱ्यांच्या पेन्शनची हमी सरकारकडून पदरात पाडून घेतली. संघटना असली की काय होते, याचा हा दाखला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. याच सुमाराला तारेच्या टोकाला एक नवाच माणूस येऊन बसला. अमेरिकेतल्या बँकेने, विमान कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या शंका सोडवण्याचे काम आपल्या देशातल्या माणसांना न देता मुंबई, पुणे, गुडगाव, बंगळूर इथल्या कंपन्यांना द्यायचे, आणि इथल्या मुलांनी टेलिफोनवरून ते करायचे. यालाच आउटसोर्सिंग म्हणतात. आपल्याकडे उसाच्या तोडणीचे काम मुकादमाला देतात तसाच हा प्रकार; फरक एवढाच की तोडणीवाल्याला फडावर जावे लागते, इथे फडच तारेतून घरी येतो.

शिक्षकांनी वर्गात पृथ्वीचा गोल घ्यावा आणि मुलांना विचारावे, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले की आपल्याकडे किती? हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. तिथली कचेरी पाच वाजता सुटते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. कॅलिफोर्नियाची तर त्याहून तीन तास पुढे. म्हणजे ही नोकरीच मुळी रात्रीची. मोहनने मायकेल व्हायचे, उच्चार बदलायचे, आणि कोंबडा आरवताना झोपायला जायचे.

या धंद्याला परवानगी कशी मिळाली तेही पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या दूरसंचार धोरणात अशा केंद्रांना 'इतर सेवा देणारे' असा एक वर्ग मिळाला. त्यांनी दूरसंचार खात्याकडे नोंदणी करायची. परदेशी बोलण्याची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती, ती २००२ च्या एप्रिलपासून संपली आणि लाईन स्वस्त झाली. पण खात्याला धास्ती एकच होती, या केंद्रांच्या भाड्याच्या लाईनमधून कोणी चोरून सार्वजनिक फोन चालवील आणि सरकारचा महसूल बुडेल. म्हणून नियम झाले ते असे: परदेशी कामाची तार आणि देशी कामाची तार एकत्र करायची नाही, अमुक टोकाला सार्वजनिक जाळे जोडायचे, तमुक टोकाला नाही, यंत्राचे आतून भाग पाडायचे. पानेच्या पाने नियम. १८८५ चेच डोळे, तारेवर खिळलेले.

त्या टोकालाही माणूस होताच. अमेरिकेत न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. गरिबांना सरकारकडून जी मदत मिळते, तिच्याविषयी विचारपूस करायला लोक फोन करीत. ठेकेदार कंपनीने हे फोन घेण्याचे काम मुंबईला हलवले. म्हणजे काम नाही म्हणून सरकारी मदतीवर जगणारी तिथली बाई फोन करायची, आणि तिला उत्तर द्यायचे काम मिळालेली मुलगी मुंबईत बसलेली! २००२ साली हे उघडकीला आले तेव्हा तिथल्या विधिमंडळात मोठा गदारोळ झाला. काम परत न्यू जर्सीतल्या कॅमडेन गावी आणले गेले, त्यासाठी राज्याने जास्त पैसे मोजले. नोकऱ्या होत्या जेमतेम दहा-बारा. पुढे २००५ साली सरकारी ठेक्याची कामे देशाबाहेर नेऊ नयेत असा कायदाच त्या राज्याने केला. आपल्याला मुंबईच्या मुलीची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ते साहजिक आहे. पण गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावात काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना कॅमडेनच्या बाईचेही दुःख कळेल.

इकडे मुंबईच्या मुलीचे काय? आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला लावायला मनाई होती. दुकाने व संस्थांच्या कायद्यातही रात्रीची मर्यादा होती. कॉल सेंटरे आली तेव्हा आपल्या राज्यासह अनेक राज्यांनी या उद्योगाला सूट दिली. या सुटीचे मी वाईट म्हणणार नाही. तिच्यामुळे हजारो मुली आपल्या कमाईवर उभ्या राहिल्या, घरचे कर्ज फेडले, धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. पण मनाई उठवताना तिच्या जागी संरक्षण काय, हा प्रश्न मागे राहिला. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा, तिला न्यायला आलेल्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने खून केला. सारे शहर हादरले. गाडीत पहारेकरी हवा, मुलगी पहिली चढणार किंवा शेवटची उतरणार नाही, चालकाची माहिती पोलिसांकडे हवी, असल्या गोष्टींकडे तेव्हा लक्ष गेले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हे कलमात उतरले: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचे तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी, आणि कामावरून तिला घराच्या दारापर्यंत पोचवायला हवे. खून आणि कलम यांच्यात दहा वर्षे गेली.

संघटनेचे मात्र जमले नाही, निदान तारवाल्यांसारखे नाही. ही मुले स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला राजी नसत, हुद्दा 'एक्झिक्युटिव्ह'! जो तो दोन वर्षांत नोकरी बदलणार, मग सभासदाची वर्गणी कोण भरतो? १९२६ चा कायदा संघटना बांधायला कोणालाही अडवत नव्हता, आणि पुण्या-बंगळुरात नंतर काही संघटना निघाल्याही, पण मोजक्याच. दरम्यान जुन्या घराचे वासेही निघाले. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून सुमारे ७८,५०० माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली. आणि इथे तारेच्या नियमांतली एक विलक्षण गोष्ट लोकांना कळली. कॉल सेंटरच्या नोकराला घरून काम करू द्यायचे, तर २००८ च्या नियमांप्रमाणे कंपनीने सरकारकडे १ कोटी रुपयांची हमी ठेवायची होती! नोकराच्या घरापर्यंत जाणारी तार म्हणजे महसूल गळण्याची आणखी एक वाट, असा तो हिशेब. मार्च २०२० मध्ये ती अट तात्पुरती सोडली, नोव्हेंबरात नोंदणीसकट काढूनच टाकली, आणि जून २०२१ मध्ये देशी व परदेशी केंद्र हा भेदही मिटवला. तारेवरची बंधने वीस वर्षांनी सुटली ती अशी.

आणि तार घरात आली. सातारा, जालना, अमरावती इकडच्या गावांतही आता एखाद्या घराच्या माजघरात रात्री दोनला दिवा जळतो. कानाला फोन लावून सून हळू आवाजात इंग्रजी बोलते, शेजारी पोर झोपलेले असते, आणि सकाळी सहाला म्हैस पिळायची असते. कामावरून घराच्या दारापर्यंत पोचवण्याचे कलम तिच्यासाठीही लिहिलेले आहे. पण ती दाराच्या आतच बसली आहे.