माथेरानची फुलपाखरं: ७८ की १४०?

१८९४ मध्ये जे. ए. बेथम यांनी माथेरानवरच्या फुलपाखरांची नोंद केली. जाती ७८. मग २०११ ते २०१९ या काळात काही संशोधकांनी तोच डोंगर पुन्हा पालथा घातला आणि २०२२ मध्ये यादी छापली. जाती १४०. आता सांगा, सव्वाशे वर्षांत माथेरानची फुलपाखरं जवळजवळ दुप्पट झाली का?

आमच्या कळंबकडून पश्चिमेला माथेरानचा डोंगर दिसतो, त्यामुळे 'हो' म्हणायला मला आवडलं असतं. पण पीएचडीच्या तयारीत असाल तर असल्या जुन्या याद्या तुमच्या हातात येणारच आहेत. आकड्याआधी तो आकडा कुणी आणि कसा गोळा केला हे बघायची सवय आत्ताच लावून घ्या.

बेथम यांची नोंद छापली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलने. ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी सुरू केली. त्यातले सहा ब्रिटिश, आणि दोघं आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन (रखमाबाईंचे सावत्र वडील). सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी बहुतेकांचं पोट दुसऱ्याच धंद्यावर चालायचं. हर्बर्ट फिप्सन दारूचे व्यापारी होते आणि सोसायटीच्या बैठका लवकरच त्यांच्याच जागेत भरू लागल्या. १८९४ सालीच जन्मलेला 'विल्यम' नावाचा धनेश पुढे सोसायटीच्या जागेत १९२० पर्यंत राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावरचा पक्षी तो हाच. दुसरे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे 'ईएचए' या सहीने लिहिणारे. जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ आणि जकात खात्यात. बदली होईल तिथे हा माणूस आजूबाजूचे किडे, बेडूक, पक्षी बघत बसायचा.

१८८६ मध्ये जर्नल निघालं आणि या हौशी मंडळींना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली. मोठ्या लेखांइतक्याच छोट्या टिपणांनी ते भरलेलं असे. अमुक पक्षी अमुक गावी अमुक तारखेला दिसला, कुणाला आणखी कुठे दिसला का? मग पुढच्या अंकात कारवारहून नाहीतर रत्नागिरीहून उत्तर. माझ्या मते या मंडळींचं खरं काम शिकारीच्या ट्रॉफ्यांत नाही, या चार-चार ओळींच्या टिपणांत आहे. जागा, तारीख आणि नाव या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की नोंद शंभर वर्षांनीही वापरता येते.

आता पुन्हा त्या ७८ कडे. पहिला प्रश्न महिन्यांचा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने माथेरान चढले, आणि पुढे तिथे साहेबलोकांचं थंड हवेचं ठिकाण झालं. त्यांचा सीझन ऑक्टोबर ते मे. पाऊस लागला की बंगले बंद. आणि आपल्याकडे फुलपाखरं भरात येतात ती पावसात आणि पावसानंतर लगेच! आठ वर्षं सगळ्या ऋतूंत फिरणाऱ्यांना आणि सुट्टीच्या दिवसांत जाळं घेऊन हिंडणाऱ्याला एकच डोंगर वेगळा दिसणारच. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ ती जात तेव्हा नव्हती, असं धरता येत नाही.

दुसरा प्रश्न जात कशाला म्हणायचं याचा. भाताच्या शेतात गवतावर वाढणारं आणि तिन्हीसांजेला दिव्याजवळ घरात शिरणारं तपकिरी फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल, इंग्रजीत कॉमन इव्हिनिंग ब्राउन. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. कोरड्या दिवसांत ते थेट वाळक्या पानासारखं दिसतं. अशा ऋतूंप्रमाणे रूप बदलणाऱ्या फुलपाखरांना पूर्वी वेगवेगळ्या जाती समजून वेगळी नावं दिली जायची. १८८० च्या दशकात लायोनेल द निसेव्हिल यांनी कलकत्त्यात अंड्यांपासून फुलपाखरं वाढवली आणि एकाच मादीची पिल्लं दोन्ही रूपांची निघू शकतात हे दाखवलं. त्यानंतरही शास्त्रीय नावं कितीदा बदलली. म्हणून जुन्या यादीतलं प्रत्येक नाव आजच्या नावाशी जुळवल्याशिवाय मोजणी सुरूच करायची नसते. कंटाळवाणं काम आहे, पण गाइडचा पहिला आक्षेप इथेच येतो.

तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. जंगलवाटा माहीत होत्या त्या ठाकर आणि कातकरी माणसांना. कुठल्या झाडावर कुठली अळी, कुठल्या ओढ्यावर काय उतरतं, हे सांगणारा माणूस त्या काळच्या टिपणांत बहुतेकदा 'माझा शिपाई' नाहीतर 'एक गाववाला' एवढाच असतो. संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, तरी डोंगरावरच्या माणसाचं नाव छापायची रीत पडली नाही. तुम्ही फील्डवर्कला जाल तेव्हा वहीत जागा आणि तारखेच्या शेजारी सांगणाऱ्याच्या नावासाठीही एक रकाना आखा. त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तरच भरा.

मग बेथम यांच्या यादीचा उपयोग काय? भरपूर आहे, फक्त उलट बाजूने. १४० मध्ये नवीन किती, हा तिचा कमजोर उपयोग. ७८ पैकी जी आज आठ वर्षं शोधूनही सापडली नाहीत ती कुठली, हा भक्कम. असलेलं निसटणं सोपं असतं, नसलेलं चुकून नोंदवणं त्यामानाने अवघड. ती नावं वेगळी काढा. मग प्रत्येकीची अळी कोणत्या झाडावर वाढते ते शोधा. याचीही सुरुवात करून ठेवली आहे ती एटकेन आणि त्यांचे सोबती डेव्हिडसन आणि बेल यांनीच, उत्तर कानडात अळ्या पाळून. आणि मग डोंगरावर जाऊन बघा, ते झाड अजून आहे का. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा फांदी तोडायची नाही, फोटो काढायचा. नेरळहून जमेल तितक्या लवकर निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत बघायला वेळ मिळेल.