एरंडेल : उकिरड्याच्या कडेपासून सलाईनच्या बाटलीपर्यंत

मंडळी, कुणी तोंड वाकडं केलं की आपण म्हणतो, ‘एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा झालाय.’ इथे कुंभिवलीत समोर बसलेल्या पन्नाशीपुढच्या माणसांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. सकाळी उपाशीपोटी, सुंठीच्या काढ्यात किंवा कोऱ्या चहात घातलेलं ते चिकट तेल, आणि नाक दाबून धरणारी आजी! एरंड उकिरड्याच्या कडेलाही उगवतो, म्हणून त्याची किंमत नाही. ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून आपण त्याची थट्टाच केली.

वैद्यांनी मात्र केली नाही. चरकसंहितेत वात हरणाऱ्या द्रव्यांत एरंडमुळाला श्रेष्ठ म्हटलं आहे. मुळाला हं, तेलाला नव्हे. हा फरक आपण बोलताना हमखास विसरतो. तेलाची कामं वेगळी. आमवातावरच्या सिंहनाद गुग्गुळात एरंडेल पडतं, आणि हिरडा एरंडेलात परतला की गंधर्व हरीतकी होते. पान हाताच्या पंजासारखं, म्हणून झाडाचं एक नाव गंधर्वहस्त. इजिप्तमध्ये इ. स. पूर्व १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्येही एरंड आहे. इंग्रजांना त्याचं महत्त्व उशिरा कळलं. वेस्ट इंडीजमध्ये डॉक्टरकी केलेल्या पीटर कॅनव्हेनने १७६४ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, आणि १७८८ मध्ये ते लंडनच्या अधिकृत औषधकोशात गेलं.

आता तेल काढण्याची घरगुती रीत आठवा. बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगलेलं तेल पळीने काढून घ्यायचं. बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. स्टिलमार्कने ते १८८८ मध्ये वेगळं केलं. ते प्रथिन असल्यामुळे उकळल्यावर निकामी होतं, आणि तेलात विरघळत नाही. ज्या बायका हे तेल काढत त्यांनी रिसिनचं नावही ऐकलं नव्हतं. पण चूल त्यांनी कधी टाळली नाही. पेंड शेतात खत म्हणून घालायची, गुरांपुढे नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. आज मात्र बी शेंगदाण्यासारखी चावणारी मुलं दवाखान्यात पोचतात. मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, हे झाड वेगळं आणि त्याचं विषही वेगळं. पण पोराचे हाल तेच.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सुईणीची गोष्ट. दिवस भरले आणि कळा येत नाहीत, तर एरंडेल द्यायचं. त्याआधी गरोदर बाईला त्याचा थेंबही नको. पुढे शिकलेल्या लोकांनी याला अडाणीपणा म्हटलं. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. आतड्यात या तेलातून रिसिनोलिक आम्ल सुटतं आणि ते ईपी-३ नावाच्या ग्राहीला चिकटतं. हा ग्राही आतड्याच्या स्नायूंत आहे, तसाच गर्भाशयातही आहे. ज्या उंदरांत तो नव्हता, त्यांना एरंडेलाने ना जुलाब झाले, ना गर्भाशय आकसलं. म्हणजे सुईणीचं निरीक्षण खरं होतं. पण बेताबाहेर दिलं तर जुलाबांनी बाई सुकून जायची, हेही तितकंच खरं. म्हणून आज हा प्रयोग घरी नको. आणि पोटात उजवीकडे खाली दुखत असेल तर मुळीच नको : अपेंडिक्स सुजलेलं असलं तर रेचकाने ते फुटू शकतं.

आता रेचक म्हणून एरंडेल मागे पडलं, पण औषधशास्त्रातून गेलं नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध यू झाडाच्या सालीतून सापडलं. ते पाण्यात विरघळेना. शेवटी एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून केलेलं क्रेमोफोर आणि अल्कोहोल यांत ते विरघळवलं, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. या क्रेमोफोरची काहींना तीव्र ॲलर्जी येते. म्हणून आधी स्टेरॉइड देतात, मग सलाईन सुरू करतात, आणि सुरुवातीची काही मिनिटं नर्स रुग्णाच्या खाटेजवळून हलत नाही.